गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर आणि फिश टँकचा आरओ

फिश टँकसाठी घेतलेला आरओ थेंब थेंब पाणी देतोय आणि त्या पाण्याचा टीडीएसही (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) भरमसाट येतोय, अशी तक्रार कोणी केली की मी आधी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? वरचा मजला असेल तर निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारे पंप नसलेले आरओ-डीआय संच (डीआय म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं रेझिन) मुळात जिथे नळालाच 50-60 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) प्रेशर असतं अशा घरांसाठी बनवलेले आहेत. अमेरिकेत ते नळाला जोडले की चालू होतात. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं, आणि त्याचं प्रेशर उंचीवर ठरतं. दर मीटर उंचीला सुमारे 1.4 पीएसआय, असा सरळ हिशोब आहे. टाकीतली पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा 4 मीटर वर असेल तर हातात येतात साडेपाच पीएसआय. सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर 20 मीटरचा फरक धरला तर 28. म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्यात नशीबवान माणसालाही निम्मंच प्रेशर मिळतं. उपाय म्हणजे प्रेशर वाढवणारा बूस्टर पंप, पण तो आणण्याआधी थोडा हिशोब.

यात आणखी एक गोम आहे, ती बरेच जण विसरतात. खारट पाणी मेंब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) उलट्या दिशेने ढकलायचं तर आधी त्या पाण्याच्या ऑस्मॉटिक प्रेशरवर, म्हणजे क्षारांमुळे पाणी मागे ओढणाऱ्या दाबावर, मात करावी लागते. दर 100 टीडीएसला साधारण 1 पीएसआय, असा ठोकताळा आहे. बोअरचं 1000 टीडीएसचं पाणी असेल तर पहिले 10 पीएसआय यातच संपतात. मेंब्रेनमधून पुढे जाताना पाणी आणखी खारट होत जातं, तेव्हा प्रत्यक्षात 12-13 धरा. वरच्या मजल्यावर साडेपाच पीएसआयवर असा आरओ चालवला तर दिवसभर फक्त रिजेक्टचं, म्हणजे क्षार घेऊन बाहेर टाकलं जाणारं, पाणी गटारात जाणार. पहिल्या मजल्यावर 28 मधून 13 वजा जाता उरले 15. मेंब्रेनचा छापील आकडा 50-60 पीएसआय आणि कमी क्षाराच्या पाण्यावर मोजलेला असतो, म्हणून तिथेही उत्पादन पाव ते तिसरा हिस्सा.

टीडीएस का वाढतो, याचंही उत्तर यातच आहे. मेंब्रेनमधून क्षार किती झिरपतील ते दोन्ही बाजूंच्या क्षारांमधल्या फरकावर ठरतं, प्रेशरचा त्यात फारसा हात नसतो. पाणी किती येईल ते मात्र प्रेशरवर ठरतं. प्रेशर कमी झालं की क्षार तेवढेच येतात आणि त्यांना पातळ करायला पाणी कमी पडतं. ज्यांच्याकडे पुढे डीआय रेझिन आहे, म्हणजे बहुतेक मरीन (खाऱ्या पाण्याचे) टँकवाले, त्यांच्या खिशाला इथेच चाट बसते. मेंब्रेननंतर 40 ऐवजी 20 टीडीएस आला तर तेच रेझिन साधारण दुप्पट पाणी देतं. पंपाचा खर्च रेझिनमध्ये वसूल होतो, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

आधी मोजा, मग खरेदी करा

तीन वस्तू लागतात: 0 ते 150 पीएसआयचा ग्लिसरीन भरलेला गेज, टीडीएस मीटर आणि मिलीलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र. गेज पाव इंची नळीच्या टी कनेक्टरवर बसतो. जागा महत्त्वाची आहे. नळाजवळचं प्रेशर बघून काही कळत नाही. गेज कार्बन फिल्टरनंतर आणि मेंब्रेनच्या आधी हवा, आणि आकडा पाणी वाहत असताना घ्यायचा. नळ बंद असताना 20 दाखवणारा काटा पाणी सुरू होताच 9 वर उतरला, तर मधे कुठेतरी अडथळा आहे.

मग एक मिनिट लावून शुद्ध पाणी आणि रिजेक्ट वेगवेगळं मोजा. 75 जीपीडीचं (गॅलन प्रति दिवस) मेंब्रेन म्हणजे दिवसाला सुमारे 284 लिटर, मिनिटाला जवळपास 200 मिली. तुमच्याकडे 60 मिली येत असेल तर ते कागदावर लिहा. आत येणारं पाणी आणि शुद्ध पाणी, दोन्हींचा टीडीएस लिहा. येणारं 800 आणि शुद्ध 40 असेल तर मेंब्रेन 95 टक्के क्षार अडवतंय, म्हणजे ठीक आहे. मशीन चालू केल्या केल्या मात्र टीडीएस मोजू नका. बंद असताना क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात आणि पहिली काही मिनिटं आकडा वाईटच दिसतो.

पाण्याचं तापमानही बघा. 25 अंशांखाली दर अंशाला उत्पादन साधारण 3 टक्क्यांनी घटतं. डिसेंबरात नाशिकला सकाळी टाकीतलं पाणी 15 अंशांवर असेल तर पाव हिस्सा तिथेच गेला, त्यात पंपाचा दोष नाही. उलट मे महिन्यात काळ्या टाकीतलं पाणी दुपारी 40 च्या वर जातं आणि बहुतेक घरगुती मेंब्रेनची मर्यादा 45 अंश असते. उन्हाळ्यात आरओ रात्री चालवलेला बरा.

फुकटातले उपाय

गाळाचा फिल्टर काढून पाहा. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर तो चॉकलेटी झालेला असतो आणि सगळं प्रेशर तोच खातो. तो काढून गेज पाच-सहा पीएसआयने वर गेला तर उत्तर सापडलं. नळ्या कुठे दुमडल्यात का ते बघा, विशेषतः कॅबिनेटच्या मागे. शुद्ध पाण्याची नळी उंचावरच्या ड्रममध्ये चढवली असेल तर खाली घ्या, कारण पुढच्या बाजूची उंचीही मेंब्रेनला मागे ढकलते. शक्य असेल तर युनिट जमिनीलगत बसवा, एक-दीड पीएसआय तेवढ्यानेच मिळतो.

आणि एक उपाय जो करायचा नाही. रिजेक्टची नळी दाबली की गेजचा काटा सुरेख वर जातो आणि शुद्ध पाणीही थोडं वाढतं. एका ओळखीच्यांकडे ही नळी कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवलेली होती, वर रबरबँड. रिजेक्ट हे वाया जाणारं पाणी वाटतं, पण क्षार मेंब्रेनवरून धुऊन नेणारं पाणी तेच. 600 टीडीएसच्या पाण्यात एक लिटर शुद्ध आणि दोन लिटर रिजेक्ट असं प्रमाण ठेवलं तर रिजेक्टचा टीडीएस 900 च्या आसपास येतो. समसमान केलं तर 1200 च्या जवळ, आणि मेंब्रेनच्या पृष्ठभागालगत त्याहून जास्त. आपलं बोअरचं पाणी आधीच जड असतं, कॅल्शियम तिथे बसायला लागतं. चिमट्याने मिळवलेलं प्रेशर काही महिन्यांत मेंब्रेनसकट जातं.

बाथरूमच्या शॉवरसाठी बसवतात तो प्रेशर पंप घरात असेल तर त्यावर आरओ जोडण्याचा मोह होतो. असे पंप साधारण सव्वा ते दोन किलो प्रेशर देतात, म्हणजे 18 ते 28 पीएसआय. मदत होते, पण काम भागत नाही. आणि महापालिकेच्या लाइनवर थेट कोणताही पंप लावू नका. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि त्याला बंदी आहे ती उगाच नाही. पुढे जे सांगतोय ते आपल्या टाकीतून येणाऱ्या पाण्यापुरतं.

काय आणायचं

आनंदाची गोष्ट अशी की स्वयंपाकघरातल्या जवळजवळ प्रत्येक आरओमध्ये बूस्टर पंप असतोच. त्यामुळे हे सगळं सामान गावोगावच्या आरओ स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात बूस्टर किट मागायची गरज नाही.

पंप 24 व्होल्ट डीसीचा घ्या. त्यावर 75 किंवा 100 जीपीडी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तेवढ्या मेंब्रेनला पुरेल असा पंप. 75 च्या मेंब्रेनला मी 100 चा पंप लावतो, तो निवांत चालतो आणि कमी तापतो. सक्शन पंप मागून घ्या, म्हणजे वरच्या मजल्यावर जिथे पाणी स्वतःहून जेमतेम येतं तिथेही तो ओढून घेईल.

वीजपुरवठ्यासाठी 24 व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करणारा अडॅप्टर), अडीच अँपिअरचा. दीडचा स्वस्त मिळतो, पण 100 चा पंप आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारा) दोन्ही त्यावर टाकले की तो कायम ओढाताणीत राहतो. व्होल्टेज 20 वर उतरलं की पंप फिरतो खरा, प्रेशर मात्र देत नाही. ही खोड वरून दिसत नाही, मल्टिमीटर लावला तरच कळते.

याशिवाय एक 24 व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, ज्याला दुकानात एसव्ही म्हणतात; लो प्रेशर स्विच, म्हणजे एलपीएस (पाणी संपलं की पंप बंद करणारा); ड्रमसाठी फ्लोट स्विच; एफआर, म्हणजे रिजेक्टचा प्रवाह मर्यादित ठेवणारा फ्लो रिस्ट्रिक्टर; टेफ्लॉन टेप, पाव इंची नळी, थोडे एल्बो (कोपऱ्याचे जोड). फ्लोट स्विच आरओच्या टाकीत असतो तोच घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बोटाएवढा रीड सेन्सर मिळतो, त्याची ताकद बहुधा अर्ध्या अँपिअरची असते. पंपाचा करंट त्यातून गेला की आतली पट्टी चिकटून बसते आणि ड्रम भरला तरी पंप थांबत नाही. तोच वापरायचा असेल तर मधे रिले (मोठा करंट पेलणारा वेगळा स्विच) टाका.

जोडणी

पाण्याचा क्रम मी असा ठेवतो: नळ, गाळाचा फिल्टर, एलपीएस, सोलेनॉइड, पंप, कार्बन, गेज, मेंब्रेन. पंप कुठे बसवावा यावर मतभेद आहेत. अगदी पुढे बसवला तर वाळूचे कण त्याच्या पडद्यांची वाट लावतात. सगळे फिल्टर झाल्यावर बसवला तर टाकीच्या तुटपुंज्या प्रेशरवर त्याला तीन फिल्टरमधून पाणी ओढावं लागतं, तो उपाशी राहतो आणि खडखडतो. गाळाच्या नंतर आणि कार्बनच्या आधी हा मधला मार्ग मला पटतो. फक्त एक काळजी घ्या. कार्बनचं हाउसिंग (फिल्टरचं भांडं) आता 70-80 पीएसआयखाली येणार, तेव्हा ते जाड भिंतीचं हवं. पातळ प्लास्टिकचं हाउसिंग रात्री तडकतं आणि सकाळी हॉलमध्ये चपला तरंगतात.

आता पायऱ्या.

नळ बंद करा, युनिटमधलं पाणी काढून टाका, पंप रबरी पायांवर बसवा. लाकडी कॅबिनेटच्या पाठीला स्क्रूने आवळलात तर सगळं कॅबिनेट गुणगुणायला लागतं आणि मासेही बिचकतात. पंपाच्या डोक्यावर आत-बाहेरची खूण असते ती पाहूनच नळ्या जोडा. पंप चालतोय पण गेज शून्यावर, अशा प्रकरणांत बऱ्याचदा नळ्या उलट्या जोडलेल्या निघतात. नळी ब्लेडने सरळ कापा. तिरकी कापलेली नळी साध्या प्रेशरवर गळत नाही, 70 वर मात्र फवारा उडवते.

सोलेनॉइड वगळू नका. पंप बंद झाला तरी टाकीचं प्रेशर असतंच. व्हॉल्व्ह नसेल तर त्या प्रेशरवर पाणी रात्रभर मेंब्रेनवरून रिजेक्टमध्ये वाहत राहील.

वायरिंग सोपं आहे. एसएमपीएसची लाल तार एलपीएसमधून घ्या, तिथून फ्लोट स्विचमधून, आणि मग ती पंपाच्या लाल तारेला आणि सोलेनॉइडच्या एका टोकाला एकत्र जोडा. पंपाची काळी तार आणि सोलेनॉइडचं दुसरं टोक थेट एसएमपीएसच्या काळ्या तारेला. पाणी संपलं की एलपीएस तोडतो, ड्रम भरला की फ्लोट तोडतो. एसएमपीएस टँकच्या आणि ड्रमच्या पातळीपेक्षा वर, भिंतीवर टांगा. तार सॉकेटकडे जाण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून गळून पडेल, सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. फिश टँक ज्या घरात आहे तिथे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा, आरओ असो वा नसो.

वरच्या मजल्यावर एलपीएस त्रास देतो. त्याला जोडलं जायला थोडं प्रेशर लागतं आणि टाकी निम्मी झाली की तेवढंही उरत नाही, मग पंप चालूच होत नाही. आधी स्विच जमिनीलगत आणून पाहा. तरीही जमलं नाही तर मी एलपीएसचा नाद सोडतो. एक झाकणाची 20 लिटरची बादली ठेवायची, तिला बॉलकॉक लावून नळाने भरत ठेवायची, तळाशी दुसरा फ्लोट स्विच बसवायचा आणि सक्शन पंपाला गाळाच्या फिल्टरमधून त्या बादलीतून पाणी घेऊ द्यायचं. दिसायला गबाळं आहे, पण पंप कोरडा चालत नाही. पाणी दिवसातून दोनच तास येणाऱ्या घरांतही हीच व्यवस्था बरी पडते.

काही तयार संचांत चौकोनी ऑटो शट-ऑफ व्हॉल्व्ह (शुद्ध पाणी अडलं की येणारं पाणी बंद करणारा) असतो. तो आणि ड्रममधला यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह तसाच ठेवायचा असेल तर शुद्ध पाण्याच्या लाइनवर हाय प्रेशर स्विच लागतो, कारण पाणी अडवल्याचं पंपाला दुसऱ्या कशानेही कळत नाही. त्या स्विचच्या आधी, मेंब्रेनच्या बाहेर पडताना, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) हवा, नाहीतर प्रेशर मागे उतरतं आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो. साध्या ड्रमसाठी मी हे सगळं काढून इलेक्ट्रिक फ्लोटवर येतो. ड्रमला वरच्या कडेला एक भोक आणि तिथून मोरीत नळी मात्र काहीही केलं तरी हवीच.

पहिल्यांदा चालू करताना

मेंब्रेन काढून ठेवा आणि कार्बनमधून पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या. काळी पूड निघते, ती मेंब्रेनमध्ये जायला नको. मग मेंब्रेन बसवा आणि पंप सुरू करून गेजकडे बघा. काटा हळूहळू चढून 60 ते 80 च्या मधे थांबला तर उत्तम. नवं मेंब्रेन असेल तर पहिल्या तासाभराचं पाणी टाकून द्या.

काटा 40 वरच अडला तर एफआर मोठा आहे किंवा बसवलेलाच नाही, एसएमपीएस दमला आहे, नाहीतर गाळाचा फिल्टर भरलाय. याच क्रमाने तपासा. 100 च्या वर गेला तर एफआरमध्ये क्षार अडकलेत, तो बदला. सगळं ठीक असूनही प्रेशर थोडं वर-खाली करायचं असेल तर बऱ्याच पंपांच्या डोक्यावर मधोमध अ‍ॅलन कीचा स्क्रू असतो. पाव फेरा फिरवा, थांबा, गेज बघा. 80 च्या पुढे नेण्यात मला अर्थ दिसत नाही, पाण्यात फार फरक पडत नाही आणि जोड गळायला लागतात.

आता एफआर. घरगुती आरओत बहुधा 450 चा असतो, म्हणजे मिनिटाला साधारण 450 मिली रिजेक्ट. धरणाच्या मऊ पाण्यावर 75 च्या मेंब्रेनला तो चालतो. बोअरच्या जड पाण्यावर शुद्धाच्या तिप्पट-चौपट रिजेक्ट हवं, म्हणजे 600 ते 800. मात्र छापील आकड्यावर विसंबू नका, पंप लावल्यावर प्रेशर वाढतं तसं रिजेक्टही वाढतं. पुन्हा मोजपात्र घ्या, दोन्ही नळ्या एकेक मिनिट मोजा आणि आधीच्या कागदावर शेजारी लिहा. 60 मिलीचे 190-200 झालेले दिसतील आणि टीडीएस उतरलेला असेल. रिजेक्टचं पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. बोअरचं असेल तर कुंड्यांना नको.

किचनच्या आरओवर भागतं का?

छोटा टँक असेल तर भागतं, पण त्यात एमटीडीएस व्हॉल्व्ह असतो आणि तो चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो. मिनरल कार्ट्रिज असेल तर तेही क्षार घालतं. म्हणून आरओच्या नळातून आलेलं पाणी टँकसाठी नको. मेंब्रेनच्या हाउसिंगमधून शुद्ध पाणी बाहेर पडतं तिथेच टी टाकून वेगळी नळी काढा. घरातल्यांशी आधी बोलून घ्या, कारण तुमचा ड्रम भरेपर्यंत प्यायचं पाणी भरणार नाही.

शुद्ध पाणी ड्रममध्ये साठायला लागलं की ते जसंच्या तसं टँकमध्ये ओतू नका. त्यात केएच (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) जवळजवळ शून्य असतो आणि पीएच कधीही कोसळू शकतो. डिस्कस माशांसाठी नळाचं पाणी ठरावीक प्रमाणात मिसळा, कॅरिडिना झिंग्यांसाठी त्यांचे क्षार घाला, मरीनला मिठातूनच सगळं मिळतं.

देखभालीला फार काही लागत नाही. गाळाचा फिल्टर रंगावर आणि गेजवर बदला. कार्बन मात्र दिसायला चांगला असला तरी वेळेवर बदला, क्लोरीन पुढे गेलं तर मेंब्रेन जळतं आणि पंपामुळे पाणी आता कार्बनमधून पूर्वीपेक्षा वेगाने जातंय. गेज हळूहळू उतरू लागला, फिल्टर नवे आहेत, व्होल्टेज बरोबर आहे, तर पंपाचं डोकं झिजलंय. बऱ्याच पंपांचं डोकं सुटं मिळतं, चार स्क्रू काढून बदलता येतं. दुकानदार अख्खा पंप गळ्यात मारायला बघतो, त्याला जुनं डोकं काढून दाखवा आणि तेवढंच मागा.